अटॅकनंतर 'चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू': हृदयाला यानं खरंच काही होतं का?

मांजराकाठ | १८ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाऊसपाण्याच्या आणि सोयाबीनच्या भावाच्या धाग्यांवर असतो, आरोग्याच्या दालनात पहिल्यांदाच पाय ठेवतोय. थोडं लांबण लागेल.

वय ५२. लातुरात खत-बियाण्याचं दुकान, औसा रस्त्याला पाच एकर. दिवाळीच्या आधी सोयाबीनच्या राशीवर उभा होतो. मळणीयंत्राचं भुसकट नाकातोंडात गेलं म्हणून खोकला आला असं वाटलं, मग छातीवर कुणी क्विंटलाचं पोतं टाकावं तसं झालं. पित्त असेल म्हणून सोड्याची पुडी घेतली, बाजेवर पडलो, आणि अडीच तास घालवले. "रास उरकू द्या, मग जाऊ," हे माझेच शब्द. अँजिओग्राफीत समोरची मोठी नळी, जिला ते एलएडी म्हणतात, ती पार बंद. एक स्टेंट बसला. दुसऱ्या दिवशीच्या टूडी इकोत ईएफ ३५, म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा भरलेल्या रक्तातलं ३५ टक्केच बाहेर फेकतो.

सुट्टी देताना कागदावर सात गोळ्या, 'मीठ कमी' आणि सगळ्यात खाली 'हलका व्यायाम'. हलका म्हणजे किती, विचारलं. "झेपेल तेवढा." बाहेर पन्नास माणसं नंबर लावून बसली होती, त्यांना तरी काय म्हणावं. पण झेपतं किती हे मला कळत असतं तर मी त्या दिवशी राशीवर तसा उभा राहिलो असतो का?

तेव्हापासून घरात बसून आहे. जिना चढायला लागलो की बायको मागून हात लावून चढते, जशी काही माझ्या डोक्यावर भरलेली घागर आहे. अशात पुण्याच्या पुतण्यानं व्हिडिओ पाठवला. चार मिनिटं जीव खाऊन चाला, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. नॉर्वेत सिद्ध झालंय म्हणे, अटॅकमध्ये मेलेलं हृदय परत जिवंत होतं. खाली लोकांनी हात जोडण्याची रांग लावलीय.

मला एवढंच विचारायचंय. मेलेला स्नायू व्यायामानं जिवंत होतो का? आणि होत नसेल, तर नॉर्वेवाल्यांनी बघितलं तरी काय?

हुरडापार्टी | १८ जानेवारी, रात्री १०:०५

काका, आधी पुतण्याला मे महिन्यात शेतावर उभा करा. चार मिनिटं उन्हात, तीन मिनिटं सावलीत. व्हिडिओ पाठवणं आपोआप बंद होईल. (हलकं घ्या. मास्तर येतीलच, त्यांचा विषय आहे.)

नाडीपरीक्षा | १९ जानेवारी, सकाळी ७:१५

दादा, मी छत्रपती संभाजीनगरला फिजिओथेरपिस्ट आहे. हृदयाच्या पेशंटकडून व्यायाम करून घेणं हेच माझं रोजचं काम. आधी हात जोडून एक सांगते, व्हिडिओ बघून सुरू करू नका. पद्धत वाईट आहे म्हणून नव्हे. 'जीव खाऊन' म्हणजे तुमच्यासाठी नाडीचे किती ठोके, हे त्या व्हिडिओतल्या माणसाला ठाऊक नाही म्हणून.

मला हे सांगा: स्टेंटनंतर ट्रेडमिलची टेस्ट झाली का? गोळ्यांत नाडी आवरणारी मेटोप्रोलोल किंवा तिच्या भावकीतली एखादी आहे का? शुगर? पायावर सूज? रात्री झोपताना उशा वाढवाव्या लागतात का?

तोवर तुमच्या डॉक्टरांना फोनवर विचारून सपाटीवर चालायला लागा. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. दोन-तीन दिवसांनी दोन-दोन मिनिटं वाढवा. आणि वहिनींना म्हणावं, हात सोडा, बरोबर चाला. त्यांनाही भीती बसलेली असते, तिच्यावर औषध कुणी लिहून देत नाही.

पूर्णाकाठचा_मास्तर | १९ जानेवारी, दुपारी १:३०

परभणीला तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळं बोलावल्याशिवाय आलो तरी माफ करा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. नळी बंद झाली की वीसेक मिनिटांपासून पुढं स्नायूपेशी कायमच्या मरू लागतात. मरण आतल्या थरातून सुरू होतं आणि बाहेरच्या थराकडं सरकतं. काही तासांत तो सगळा टापू जातो. म्हणून तुमचे अडीच तास महागात पडले, आणि त्याचे सहा झाले नाहीत म्हणून तुम्ही हा धागा काढू शकलात. मेलेल्या जागेची साफसफाई पांढऱ्या पेशी करतात, मग तिथं कोलॅजनचे धागे विणले जातात आणि सहा-आठ आठवड्यांत व्रण पक्का होतो. तो आखडत नाही, ढिला होत नाही. भिंत फुटू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम.

मग नव्या पेशी होतच नाहीत का? होतात, पण अगदी गोगलगायीच्या पावलानं. हे कसं शोधलं ते ऐकण्यासारखं आहे. १९५०-६० च्या दशकात उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या आणि हवेतला कार्बन-१४ अचानक वाढला. १९६३ च्या करारानंतर तो उतरत गेला. जी पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षीच्या हवेचा शिक्का तिच्या डीएनएवर बसतो. स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटानं हा शिक्का वाचून २००९ मध्ये सांगितलं की पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला सुमारे १ टक्का बदलतात, पंचाहत्तरीत अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे तुमच्या छातीतल्या निम्म्याहून जास्त पेशी जन्मापासून त्याच आहेत. २०१८ मध्ये हार्वर्डच्या गटानं उंदरांत दाखवलं की चाकावर मनसोक्त पळणाऱ्यांत नव्या पेशींचं प्रमाण वाढतं, अटॅकनंतरही. पण ते उंदीर. व्हिडिओवाल्यानं बहुतेक तेवढंच उचललं असावं.

आता दुसरा प्रश्न, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे.

जोडीतला एक बैल बसला तर नांगर थांबत नाही, सगळा ओढा दुसऱ्यावर येतो. अटॅकनंतर वाचलेल्या स्नायूचं तेच होतं. आधी तो जोर लावून वेळ मारून नेतो. मग त्याच्या पेशी लांब होतात, जाड होतात, डावा कप्पा ताणून चेंडूसारखा गोल होऊ लागतो. कप्पा मोठा झाला की पूर्वीइतकाच दाब निर्माण करायला भिंतीला जास्त ताण सोसावा लागतो, हा लाप्लासचा नियम, आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना पाठ असायचा, समजलेला क्वचित असायचा. ताण वाढला की आणखी ताणतं. म्हणजे मूळ दुखणं बरं झाल्यावरही उरलेलं हृदय हळूहळू बिघडत जाऊ शकतं. तुमच्या सातांपैकी दोन-तीन गोळ्या नेमक्या यासाठीच असतील.

नॉर्वेत ट्रॉन्डहाइम नावाचं गाव आहे, तिथल्या उल्रिक विस्लॉफ यांच्या गटानं हे आधी उंदीरमामाच्या थोरल्या भावांवर बघितलं. २००२ चं काम. शस्त्रक्रियेनं नळी बांधून उंदरांना अटॅक आणला, मग त्यांना पट्ट्यावर आळीपाळीनं जोरात आणि हळू पळवलं. व्रण होता तिथंच राहिला. पण वाचलेल्या पेशींची विनाकारण झालेली वाढ कमी झाली, आणि एकेक पेशी काढून बघितली तर ती जास्त जोरानं आखडत होती.

का? तर कॅल्शियम. (वेगळं काही नव्हे. गोळीतलं, हाडांतलं असतं तेच, पण पेशीच्या आतलं.) ठोका पडताना पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर सुटतं, स्नायू आखडतो. मग एक पंप ते परत कोठारात ओढून घेतो, स्नायू ढिला पडतो. या पंपाला सेर्का म्हणतात. आजारी हृदयात तो मंदावतो. वाफ्यात साचलेलं पाणी ओढून परत विहिरीत टाकणारी मोटार मंदावली की विहीरही भरत नाही आणि वाफ्यातलं पाणीही हटत नाही, तसं. स्नायू धड ढिला पडत नाही, म्हणून धड भरत नाही, म्हणून धड फेकत नाही. व्यायाम केलेल्या उंदरांत हा पंप वाढला होता.

२००७ मध्ये माणसांवर केलं. अटॅकनंतर हृदय थकलेले २७ पेशंट, सरासरी वय ७५. आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. पुतण्याचं चार-चार-तीन ते इथलंच. तसं चालणाऱ्या गटाची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली, संथ एकसारखं चालणाऱ्यांची १४ टक्क्यांनी. डाव्या कप्प्याचं आकारमान १८ टक्के उतरलं, ईएफ २८ वरून ३८ वर. जगभर डंका पिटला गेला तो याचा.

तर मेलेलं जिवंत झालं नाही. उरलेल्यानं काम करायची रीत बदलली.

शंकासूर | १९ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

मास्तर, सुरेख लिहिलंत, पण अर्ध्यावर थांबलात. २७ पेशंट, तेही तीन गटांत वाटलेले. म्हणजे प्रत्येक गटात नऊ. आपल्या गल्लीतल्या गणपती मंडळाची कार्यकारिणी याहून मोठी असते.

म्हणून तर मग युरोपातल्या नऊ केंद्रांनी मिळून तेच मोठ्यावर केलं. स्मार्टेक्स नावाची चाचणी, २०१७ मध्ये छापून आली. ईएफ ३५ किंवा खाली असलेले २६१ पेशंट, बारा आठवडे. इंटरव्हल (म्हणजे हेच आळीपाळीनं जोरात-हळू) आणि संथ चालणं यांत कप्प्याच्या आकारात फरक नाही, क्षमतेतही नाही. नुसता 'व्यायाम करत जा' असा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा दोन्ही गट बरे निघाले, हे खरं. पण वर्षभरानं पाहिलं तर तोही फायदा उडून गेलेला.

अजून एक. इंटरव्हलवाल्या गटातले निम्म्याहून थोडे जास्त लोक ठरवलेल्या नाडीपर्यंत पोचलेच नाहीत, आणि संथवाल्यांतले ८० टक्के ठरवल्याहून जोरात चालले. बेल्जियमच्या २०० पेशंटच्या चाचणीतही दोन्ही पद्धती सारख्याच उतरल्या. तेव्हा पुतण्याला हे पण पाठवा. हात जोडायला कुणी येणार नाही.

पूर्णाकाठचा_मास्तर | १९ जानेवारी, रात्री ८:२०

मान्य. मी ते मुद्दाम टाळलं नाही, जेवायला बोलावलं होतं.

पण तुम्ही सांगितलेल्या ८० टक्क्यांकडं पुन्हा बघा. जोरात चालायचे ते कमी चालले, हळू चालायचे ते जास्त. दोन्ही रस्ते मधेच एकमेकांना मिळाले, मग फरक दिसणार कुठून? यावरून इंटरव्हल फसलं असं म्हणता येत नाही आणि जिंकलं असंही नाही. उंदराला पट्ट्यावरून उतरायची सोय नसते. माणसाला असते. एवढा फरक पेशीतल्या पंपापेक्षा मोठा ठरतो.

गोदातीर_पैलवान | २० जानेवारी, सकाळी ६:०२

नांदेडहून राम राम. हे सगळं वाचून डोकं गरगरायलंय. आमचे आजोबा नव्वदीपर्यंत शेतात राबले, त्यांना कुठलं इंटरव्हल आणि कुठला पंप. कष्ट करा, ज्वारीची भाकर खा, काही होत नाही. लातूरवाल्या काकांनी दुकानातली दोन पोती रोज इकडची तिकडं करावी, लई झालं.

नाडीपरीक्षा | २० जानेवारी, सकाळी ६:४५

पैलवान दादा, पोत्याचं एवढं मागं घ्या, कुणी खरंच करेल. पोतं उचलताना माणूस श्वास कोंडतो, दात आवळतो, आणि रक्तदाब एकदम वर जातो. शौचाला कुंथताना होतं तेच. चालण्यात मोठे स्नायू ढिले-घट्ट होत राहतात, रक्त वाहतं राहतं. अशा पेशंटला आम्ही वजनंही देतो, पण हलकी, नंतर, आणि श्वास मोजत.

पूर्णाकाठचा_मास्तर | २० जानेवारी, सकाळी ९:१०

पैलवान, तुमच्या आजोबांनी मोट हाकली असेल तर त्यांच्या बैलांनी रोज इंटरव्हलच केलंय. भरलेली मोट ओढत धावेवरून उतरायचं, थारोळ्यात पाणी पडलं की मोकळ्या मोटेसह उलट पावलांनी वर यायचं. ओढा, विसावा, ओढा, विसावा. भरलेली मोट सबंध सकाळ एका दमात ओढायला लावली असती तर तिसऱ्या दिवशी बैल बसला असता.

यामागचं गणितही तेच आहे. थकलेल्या हृदयाच्या माणसाला कमाल क्षमतेच्या जवळपास सलग सोळा मिनिटं चालता येत नाही. पण चार-चारचे तुकडे पाडले की तीच सोळा मिनिटं पदरात पडतात. आणि फायदा हृदयापुरता नसतो. पायांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या भट्ट्या, वाढतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर सुधारतं, त्या नीट रुंदावतात. म्हणजे हृदयाला तेवढ्याच कामासाठी कमी धडपडावं लागतं. २००७ च्या त्या कामातसुद्धा ही दोन्ही निरीक्षणं होती, पण बातमीत फक्त हृदय आलं. मांडीच्या स्नायूवर कोण हात जोडतो.

बिंदुसरा | २० जानेवारी, दुपारी ३:२५

बीडहून लिहितेय. आमचे हे एसटीत कंडक्टर. ४९ व्या वर्षी बायपास झाली, शुगर आधीपासून. चार महिन्यांनी शेजारच्या माणसाचं बघून हे पण मैदानावर पळायला लागले. सकाळी उपाशीपोटी, इन्सुलिन घेऊन. तिसऱ्या दिवशी फोन आला, पडलेत म्हणून. मैदानात पोचले तर सगळी माणसं गोल करून उभी, कुणी छाती दाबा म्हणतंय, कुणी कांदा आणा म्हणतंय. अंग घामानं थबथबलेलं, जीभ जड. अटॅकच आला म्हणून मी तिथंच बसले. रिक्षात घालून नेलं तर शुगर ५८, म्हणजे फारच उतरलेली. हृदयाला काही झालेलं नव्हतं.

तेव्हापासून खिशात खडीसाखर असते, पण पाऊल बाहेर टाकायचं नाव नाही. घरात योगासनं करतात तेवढंच. ताई, योगानं भागतं का?

नाडीपरीक्षा | २० जानेवारी, रात्री ९:५५

ताई, योगाबद्दल आपल्याच देशात मोठी चाचणी झालीय. योगा-केअर म्हणतात, २४ केंद्रं, ३,९५९ पेशंट, सगळे अटॅकनंतरचे, २०२० मध्ये छापून आली. पुन्हा अटॅक किंवा मृत्यू यांत ठोस फरक सिद्ध झाला नाही, पण योग करणाऱ्यांना स्वतःला जास्त बरं वाटलं आणि ते आधीच्या कामांना लवकर लागले. त्यामुळं साहेबांचा योग बंद करू नका, त्याला चालण्याची जोड द्या. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी व्यायाम नको, आधी आणि नंतर शुगर बघा, डोसाचं डॉक्टरांशी बोला. खडीसाखर असू द्याच, पण आपल्याला काय होतं हे सोबतच्या माणसाला माहीत असलं पाहिजे.

कुणीतरी विचारेलच म्हणून धोक्याचंही सांगते. नॉर्वेतल्या तीन केंद्रांनी ४,८४६ पेशंटचा १,७५,८२० तासांचा व्यायाम मोजला. एवढ्या तासांत हृदय बंद पडण्याचे तीन प्रसंग: संथ व्यायामात एक, तो दगावला, जोरातल्या इंटरव्हलमध्ये दोन, दोघे वाचले. पण जोरातले तास कमी होते. संथ व्यायामात सुमारे १,२९,००० तासांत एक, जोरातल्यात २३,००० तासांत एक असा हिशोब पडतो. दोन्ही आकडे लहानच आहेत. फक्त हे विसरू नका की ते सगळं केंद्रात, देखरेखीखाली चाललं होतं. आपल्याकडं मैदानात कांदा येतो.

मांजराकाठ | २ फेब्रुवारी, रात्री ८:३०

ताई, टेस्ट झाली. गोळ्या घेऊनच करा असं तुम्ही व्यक्तिगत निरोपात बजावलं होतं, तसंच केलं. हो, मेटोप्रोलोल चालू आहे. शुगर नाही, सूज नाही, उशी एकच. पट्ट्यावर ५ मिनिटं ४० सेकंद टिकलो, पाय भरून आले म्हणून थांबलो. छातीत दुखलं नाही, कार्डिओग्राम ठीक. नाडी जास्तीत जास्त १२८ गेली.

आता माझी शंका. पुतण्याच्या व्हिडिओत २२० वजा वय असं सूत्र आहे. २२० वजा ५२ म्हणजे १६८, त्याच्या ८५ ते ९५ टक्के म्हणजे १४३ ते १६०. मी तर १२८ लाच बसलो. म्हणजे माझं हृदय एवढं गेलंय का?

नाडीपरीक्षा | २ फेब्रुवारी, रात्री १०:१०

नाही हो! ते मेटोप्रोलोलचं काम आहे. ती गोळी नाडीला वर जाऊच देत नाही. २२० वजा वय हे सूत्र निरोगी माणसालासुद्धा ढोबळच लागू पडतं, या गोळीवर असलेल्याला मुळीच नाही. व्हिडिओ बघून १४३ गाठायला गेला असता तर तुमच्या कमालीच्याही पलीकडं धडपडत राहिला असता. मला भीती होती ती हीच.

तुमचा हिशोब १२८ वरून. जोरातली चार मिनिटं १०९ ते १२१, मधली तीन मिनिटं ९० च्या आत. आधी दहा मिनिटं अंग गरम करायचं, शेवटी हळूहळू थांबायचं, एकदम उभं राहायचं नाही. आणि पहिल्या दिवसापासून हे नाही. आधी तीन आठवडे संथ, मग एका मिनिटाचे तुकडे, मग दोनाचे, मग चाराचे. लातुरात पट्टा आणि मॉनिटर असलेलं फिजिओ केंद्र शोधा, सुरुवातीचे आठवडे तिथंच.

छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं तर तिथंच थांबायचं. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर बसून ठेवायची, पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८. रास उरकायची नाही.

मांजराकाठ | २ फेब्रुवारी, रात्री १०:२०

शेवटचं वाक्य बायकोनं मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा.

मांजराकाठ | १५ मार्च, सकाळी ११:००

प्रगती कळवतो. आठवड्यातून दोन दिवस केंद्रात, एक दिवस घरी.

केंद्रातली मुलगी माझ्या थोरलीएवढी. छातीवर तारा चिकटवते, पट्टा चढाला लावते. वेग फार नसतो, चढ असतो, मला वाटलं होतं पळवतील. पहिलं मिनिट सोपं जातं. दुसऱ्यात कानात ठोके ऐकू येतात. तिसऱ्यात मी समोरच्या कॅलेंडरवरच्या चतुर्थ्या मोजायला लागतो. ती मधेच विचारते, "काका, आज सोयाबीन काय भाव?" मी म्हणतो, "चार हजार..." श्वास... "एकशे..." श्वास... "पन्नास." म्हणजे बरोबर चाललंय. एका दमात भाव सांगता आला की ती चढ वाढवते. त्यामुळं मी हल्ली भाव माहीत नाही म्हणतो.

घरच्या दिवशी दुकानामागच्या रस्त्याला चढ आहे तिथं. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटातून काढलं, थांबल्याबरोबर बोट घालून नाडी बघतो. हात हलत असला की ते वाट्टेल तो आकडा दाखवतं, एकदा ४८ दाखवला, बायकोनं तिथंच कपाळाला हात लावला. आता मनगटाला दोन बोटं लावून पंधरा सेकंद मोजतो आणि चारनं गुणतो. २८ भरले की ११२.

हुरडापार्टी | १५ मार्च, सकाळी ११:२५

सोयाबीनच्या भावाचा कुणाला तरी उपयोग झाला हे ऐकून बरं वाटलं.

मांजराकाठ | ४ मे, रात्री ९:१५

कालच इको आणि ट्रेडमिल दोन्ही झालं. ईएफ ४४! पट्ट्यावर ८ मिनिटं १० सेकंद. डॉक्टरांनी पाठ थोपटली. पुतण्याला फोन केला, तो म्हणतो, बघा काका, मेलेलं जिवंत झालं की नाही.

शंकासूर | ४ मे, रात्री १०:००

मनापासून अभिनंदन. आता रागवू नका. तुमचा ३५ हा अटॅकच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा. नळी उघडल्यावरही काही स्नायू मेलेला नसतो, नुसता सुन्न असतो, तो पुढच्या काही दिवसा-आठवड्यांत आपसूक जागा होतो. शिवाय गोळ्या चालू आहेत. शिवाय इको करणारा हात बदलला की ईएफमध्ये पाचेक अंकांचा फरक सहज पडतो. त्या नऊ अंकांतले व्यायामाचे किती, हे तुमच्या एका हृदयावरून कुणालाच सांगता येणार नाही.

पूर्णाकाठचा_मास्तर | ४ मे, रात्री १०:४०

शंकासुराशी सहमत, आणि हे मी वर्षाकाठी एकदाच म्हणतो. पण पट्ट्यावरची अडीच मिनिटं बघा. तिथं सुन्न स्नायू आणि गोळ्या यांचाही वाटा असेल, तरी पहिल्या टेस्टला तुम्ही छातीमुळं नव्हे, पाय भरून आले म्हणून थांबला होतात. ते पाय तीन महिने घरात बसले होते. त्यांचं श्रेय इकोत दिसत नाही.

बिंदुसरा | ५ मे, सकाळी ७:३०

दादा, तुमचा धागा ह्यांना वाचून दाखवत होते. कालपासून बिंदुसरेच्या पुलापर्यंत जाऊन येतात. नाश्ता करून. मी मागं वीस पावलांवर असते, त्यांना वाटतं मी भाजी आणायला निघालेय.

मांजराकाठ | ५ मे, सकाळी ८:१०

ताई, वीस पावलं चांगलं अंतर आहे. आमच्याकडं अजून पाचावरच अडलंय.

नाडीपरीक्षा ताई, दोन प्रश्न. इथं दुपारी ४२ च्या वर जायलंय, पहाटे साडेपाचला निघालो तर चालेल ना? आणि जूनमध्ये पेरणी. दुकानात गर्दी, शेतात माणसं मिळत नाहीत. तिनाचे दोन दिवस झाले तर?

नाडीपरीक्षा | ५ मे, दुपारी २:०५

साडेपाच उत्तम. उन्हात तेवढ्याच वेगाला नाडी वर जाते, म्हणून वेग बघू नका, नाडी बघा. पाणी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच, ज्याची ईएफ कमी त्यानं उन्हाळा आहे म्हणून तांबेच्या तांबे रिचवायचे नाहीत. दोन दिवसांत दोन किलो वजन वाढलं किंवा पायावर सूज दिसली तर व्यायाम बंद आणि फोन.

तिनाचे दोन चालतील, शून्य नको. वर्षभरानं फायदा उडून गेला असं शंकासुरांनी सांगितलं होतं, आठवतंय ना. आणि पेरणीत बियाण्याची बॅग तुम्ही उचलायची नाही.

मांजराकाठ | ५ मे, दुपारी २:३०

नाही उचलत. पुतण्या येतोय पंधरा दिवस सुट्टीला. तीस किलोची बॅग आहे, त्याला म्हटलंय, चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू.